आबांचे निलंबन उठवणेबाबत

प्रति,
मा. दावा अधिकारी (मोटार विभाग),
विमा कंपनीचे शाखा कार्यालय, दुसरा मजला.
(लिफ्टसमोरचा काउंटर नव्हे. तिथून अर्जदार तीनदा परत आली आहे. त्याच्या मागची काचेची खोली.)

विषय : अर्जदाराच्या चारचाकी गाडीचे, अर्जदाराच्या सासऱ्यांकडून, न विचारता, एकूण सहा फूट अंतरात झालेले नुकसान, दावा अर्जातील रकाना क्रमांक १४ भरून देणे व चौकशीचा लेखी निकाल २८ तारखेपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ :
१) अर्जदाराचा दावा अर्ज, दि. ५.
२) आपले पत्र, दि. ९ (रकाना १४ रिकामा असल्याबाबत).
३) आपले पत्र, दि. १४ (रकाना १४ अद्याप रिकामा असल्याबाबत).
४) आपले पत्र, दि. १८ (नात्याबाबत).

महोदय,

आपल्या माहितीपत्रकातील सूचना क्रमांक ६ अशी आहे की, अर्जदाराने स्वतःचा उल्लेख 'अर्जदार' असा करावा, घटनाक्रम सोडू नये आणि भावनिक भाषा टाळावी. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी अर्जदार काटेकोर पाळत आहे. तिसरी जमेल तेवढी.

१. अर्जदार ही विषयात नमूद गाडीची नोंदणीकृत मालक असून औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरीस आहे. सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या गोळ्यांपैकी कोणती फुटकी, कोणती डागाळलेली, हे नजरेने टिपणे हे तिचे काम आहे. घरीही ती तशीच आहे, असे तिच्या सासूबाईंचे म्हणणे आहे ("हिच्या नजरेतून माशीसुद्धा तपासून जाते"). अर्जदारास नऊ महिन्यांचे एक बाळ असून त्यास दोन दात आहेत. बाळंतपणाची रजा, तिला जोडलेली हक्काची रजा आणि तिलाही जोडलेली बिनपगारी रजा अशा तिन्ही रजा या महिनाअखेर संपत आहेत. एक तारखेला सकाळी आठ वाजता अर्जदाराने पट्ट्यासमोर उभे राहायचे आहे. नाही राहिली तर जागा दुसऱ्याला देण्यात येईल, असे कारखान्याने लेखी कळवले आहे. ही बाब दाव्याशी संबंधित नाही असे प्रथमदर्शनी वाटेल. ती आहे. कृपया पुढे वाचावे.

२. अर्जदाराचे सासरे (यापुढे 'आबा') हे सार्वजनिक बससेवेतून चालक म्हणून निवृत्त झाले. एकूण सेवा चौतीस वर्षे, एकूण अपघात शून्य. त्यांना कुत्रे आडवे गेले, म्हशी आडव्या गेल्या, एकदा लग्नाची अख्खी वरात आडवी गेली. पण बसला ओरखडा नाही. शून्याचे हे प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत लावलेले असून घरात येणाऱ्या पाहुण्याला पाण्याच्या आधी ते दाखवले जाते. आबांचा तोंडी शब्दावर फारसा विश्वास नाही. ज्यावर जावक क्रमांक आणि गोल शिक्का आहे तेच खरे, बाकी सगळ्या गप्पा, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांचा वाहन परवाना दोन महिन्यांपूर्वी संपला आहे. नूतनीकरणासाठी डोळ्यांचा दाखला लागतो आणि "डोळ्याच्या डॉक्टरपेक्षा मला लांबचं दिसतं" या कारणाने तो घेणे राहून गेले आहे.

३. अर्जदारास गाडी पुढे चालवता येते. मागे घेता येत नाही. परवाना मिळाला तेव्हा मागे घेण्याची परीक्षा पावसामुळे झाली नाही, इतकेच ती या संदर्भात सांगू इच्छिते. इमारतीच्या मागच्या आवारात गाडी नाकाने आत शिरते, त्यामुळे बाहेर काढताना ती मागेच घ्यावी लागते. यात अर्जदाराची चौदा मिनिटे, दोन शेजारी आणि बराच घाम खर्च होत असे. मात्र गेले पाच महिने, बाळाची लस किंवा वजन असले की, गाडी निघण्याच्या वेळेआधीच आपोआप फाटकाकडे तोंड करून उभी असायची. हे काम यजमान करतात असे अर्जदारास वाटत होते. तिने यजमानांचे वेळोवेळी आभार मानले. यजमानांनीही ते पाच महिने मुकाट्याने स्वीकारले. त्यांचा खुलासा असा की, "तू कशाबद्दल आभार मानतेस ते मला नक्की कळत नव्हतं, पण बरं वाटत होतं."

गाडी वळवत होते ते आबा. किल्ली अर्जदाराने बाळाच्या दुपट्यांच्या कप्प्यात लपवली होती. दुपट्यांच्या घड्या घालण्याचे काम आबांकडे होते, हे तिच्या ध्यानात आले नाही. 'बाळाच्या बाबतीत माझी चूक होत नाही' असे अर्जदार वारंवार म्हणत असल्याने ही चूक येथे मुद्दाम नोंदवली आहे.

४. घटना दि. ४ रोजी दुपारी अडीचच्या सुमारास घडली. त्या वेळी अर्जदार घरात होती. त्याबाबत परिच्छेद ११ पाहावा. खालील माहिती आबांच्या लेखी जबाबावरून घेतली आहे. (जबाब तीन प्रतींत आहे; तिसरी प्रत त्यांनी स्वतःकडे ठेवली आहे.)

बस मागे घेताना चालक मागे बघत नाही. मागे कंडक्टर उभा असतो. तो बसच्या पत्र्यावर थाप मारतो. दोन थापा म्हणजे 'येऊ द्या', एक थाप म्हणजे 'थांब'. चालकाने कान उघडे ठेवून थापांवर गाडी घ्यायची. मध्येच आरशात डोकावणे म्हणजे कंडक्टरवर अविश्वास दाखवणे, आणि आबांनी चौतीस वर्षांत एकाही कंडक्टरवर अविश्वास दाखवलेला नाही. दि. ४ रोजी आबांनी गाडी सुरू केली, मागचा गिअर टाकला, आणि मागून स्पष्ट दोन थापा ऐकू आल्या. आबांना आश्चर्य वाटले नाही. गाडी मागे घेताना कोणीतरी मागे असतेच, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव आहे.

प्रत्यक्षात मागच्या पंपघराच्या छपरावर शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू गादी उन्हात घालून काठीने झोडपत होत्या. काकूंचे मनगट दुखते. त्यामुळे त्या दोन फटके मारतात, जरा थांबतात, पुन्हा दोन मारतात. म्हणजे दोन थापा, विश्रांती, दोन थापा. आबा प्रत्येक दोन थापांवर थोडी गाडी मागे घेत होते आणि एका थापेची वाट बघत होते. या काळात गाडीतले यंत्र टी-टी करून ओरडत होते. आबांनी तो प्रवाशांचा गोंगाट समजून दुर्लक्ष केले. "प्रवाशांचं ऐकून बस चालवली असती तर मी कधीच रिटायर झालो नसतो," असे जबाबाच्या दुसऱ्या पानावर आहे.

एक थाप शेवटी आली. ती गाडीने पंपघराच्या भिंतीला दिली. आबा तत्काळ थांबले.

५. इथवर नुकसान बंपरपुरते होते. पण पंपघराच्या छपरावर पाण्याची भरलेली टाकी तीन विटांवर उभी होती. धक्क्याने एक वीट सरकली. टाकीने अंदाजे दीड मिनिट विचार केला. त्या दीड मिनिटात आबा नियमानुसार गाडीतून उतरून, फाटकापाशी जाऊन, घड्याळात वेळ बघून ती तळहातावर लिहून घेत होते. आणि काकू "अगो बाई" म्हणत जिन्याने खाली आल्या होत्या. म्हणून कोणालाही इजा झाली नाही. मग टाकी गाडीच्या टपावर उतरली. मागोमाग गादी आली. टप आसनांपर्यंत खाली गेला आहे, मागचे दार उघडत नाही, पुढचे बंद होत नाही. पुढच्या काचेवर गादी पडल्याने ती मात्र शाबूत आहे. गादी ओली झाल्याबद्दल काकूंनी वेगळी मागणी केली आहे, परंतु तिचा विमा आपल्याकडे नसल्याने ती येथे मांडत नाही.

६. महोदय, गाडीचे जे झाले ते पत्र्याचे झाले. खरी अडचण त्या संध्याकाळी सुरू झाली.

बससेवेत असा नियम आहे की, अपघात घडल्यास चालकास चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित करतात आणि तोवर त्याने चाकाला हात लावायचा नसतो. आबांनी त्याच संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःच्या निलंबनाचा आदेश काढला. आदेश देणारा म्हणून वर सही केली, आदेश मिळाला म्हणून खाली सही केली. तेव्हापासून ते चाके असलेल्या कोणत्याही वस्तूस स्पर्श करत नाहीत. यजमानांच्या चाकांच्या खुर्चीवर बसत नाहीत. चाकांची बॅग माळ्यावरून काढायची झाली तर हातांनी उचलून काढतात आणि चाके वर करून ठेवतात. बाळाने लाकडी बदक पुढे सरकवले तर पाय आक्रसून घेतात, कारण बदकाला खाली चार चाके आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे : "चौतीस वर्षं अपघात होऊ नये म्हणून घरी उशिरा आले. आता घरी बसून अपघात केला, आणि वर माझ्याच घरात निलंबित!" यावर आबांचे उत्तर, "चौकशी चालू असताना मी बोलू शकत नाही."

७. आणि बाबागाडीलाही चाके आहेत.

अर्जदाराचे बाळ दिवसा फक्त एकाच पद्धतीने झोपते. आबा त्याला बाबागाडीत बसवतात आणि घरातल्या लांब बोळातून फेऱ्या मारतात. प्रत्येक दारापाशी गाडी थांबते. "स्वयंपाकघर, स्वयंपाकघर! उतरणारे पुढे या." मग न्हाणीघर. मग बैठक. मग 'आगार', म्हणजे बाल्कनीचे दार. तिसऱ्या फेरीत आगार येण्यापूर्वी बाळ झोपलेले असते. गाडी वळवताना आबा स्वतःच कडीवर दोन टकटक करतात. घरातली दुसरी कोणतीही रीत बाळास मान्य नाही. यजमानांनी बाबागाडी ढकलून पाहिली. पण त्यांनी फोनवर बोलत न्हाणीघराचा थांबा चुकवला आणि बाळाने तो अख्ख्या इमारतीला ऐकवला. सासूबाईंनी थांबे बरोबर घेतले, पण मध्येच उतरून गॅस बंद करून आल्या. अर्जदाराने स्वतः प्रयत्न केला. तिने थांब्यांचा क्रम, फेरीचा वेळ, आवाजाची पट्टी हे सर्व वहीत लिहून घेतले होते. बाळाने तिच्याकडे तिकीट तपासनिसाकडे बघतात तसे पाहिले, आणि मग ओठ काढला.

अठरा दिवस झाले. बाळ दिवसा झोपत नाही. झोपत नाही म्हणून नीट खात नाही. आबा बाळाला मांडीवर घेऊन त्याच्याशी बोलतात, गुदगुल्या करतात. पण ते बाबागाडीकडे हात दाखवून रडू लागले की उठून दुसऱ्या खोलीत जातात. परवा अर्जदाराने दाराच्या फटीतून पाहिले. आबा खाटेवर बसून हाताने नुसतेच, हवेतले चक्र फिरवत होते.

अर्जदार कामावर गेल्यावर बाळ दिवसभर आबांकडेच राहणार होते. तशी योजना तिने सातव्या महिन्यापासून वहीत आखली होती. बाळ झोपणार नसेल, तर अर्जदार एक तारखेला जाऊ शकत नाही. आणि चौकशीचा लेखी निकाल आल्याशिवाय आबा चाकाला हात लावत नाहीत. चौकशी कोण करत आहे? बससेवा करत नाही, ती म्हणते निवृत्ताची चौकशी होत नाही. पोलीस करत नाहीत (परिच्छेद ९). चौकशी फक्त आपली कंपनी करत आहे. सबब, महोदय, अर्जदाराच्या घरातली झोप, जेवण आणि नोकरी आपल्या टेबलावर पडून आहे.

८. आता रकाना १४. "अपघातसमयी वाहन चालवणाऱ्या व्यक्तीस विमाधारकाची परवानगी होती काय? होय / नाही." अर्जदाराने हा रकाना रिकामा ठेवला तो आळसाने नव्हे. 'होय' लिहिले तर संपलेल्या परवान्याच्या माणसास गाडी दिली म्हणून दावा फेटाळला जातो. 'नाही' लिहिले तर गाडी चोरून नेली असे होते, आणि आबांविरुद्ध पोलीस तक्रारीची प्रत जोडावी लागते. आपल्या काउंटरवरील बाईंनी समजुतीने सांगितले, "मॅडम, 'नाही' लिहा, एक साधीशी तक्रार द्या, नंतर मागे घ्या. सगळे तेच करतात." "सासऱ्यांविरुद्ध?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांना विचारून द्या ना!" म्हणजे आबांनी न विचारता गाडी नेली, ही तक्रार आबांना विचारून द्यायची.

९. अर्जदाराने हे घरी हसत सांगितले. ती चूक झाली. आबांना तोडगा पटला. दुसऱ्या दिवशी ते पिशवीत चादर, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि चष्म्याचे जादा घर घेऊन पोलीस ठाण्यात हजर झाले आणि "सुनेची गाडी चोरली" असे सांगू लागले. तिथल्या हवालदारांनी गाडी कुठे आहे असे विचारले. आबा म्हणाले, आवारात. "कुणाच्या?" "आमच्याच." "मग चोरून नेली कुठे?" "सहा फूट. मागे." हवालदारांनी पेन खाली ठेवले. चोरीची तक्रार मालकाने करायची असते, चोराने नव्हे, असे समजावून त्यांनी आबांना दुचाकीवर घरी सोडायची तयारी दाखवली. दुचाकीलाही चाके असल्याने आबा चालत आले. येताना ते फार खचलेले होते. त्यांना कोणी आत घेईना आणि कोणी निर्दोषही म्हणेना.

१०. आपले सर्व्हेअर साहेब दोनदा येऊन गेले. सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी "गाडी कोण चालवत होतं?" असे विचारताच आबा उभे राहिले आणि म्हणाले, "मी. दोष माझा. लिहा." साहेब म्हणाले, "काका, बसा आधी." आबा बसले नाहीत. साहेबांनी टिपणात 'चालक गरजेपेक्षा जास्त सहकार्य करतो' असा शेरा मारल्याचे अर्जदाराने उलट्या बाजूने वाचले. दुसऱ्या भेटीत आबांनी त्यांना, चौकशीत नेहमी विचारतात तो प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, असे सुनावले. तो प्रश्न असा : "मागे कोण होतं?" गाडी मागे घेताना अपघात झाला तर दोष मागे उभा राहून बघणाऱ्याचा धरतात, चालकाचा नव्हे, तो नियम आबांनी स्वतः साहेबांना सांगितला. मग लगेच खाली बघून म्हणाले, "पण मागे कोणी नव्हतं. मी थापा ऐकल्या त्या गादीच्या. म्हणजे दोष माझाच."

यानंतर अर्जदाराने आपल्या दूरध्वनी सेवेवर चार वेळा संपर्क साधला. चोरीसाठी एक दाबा, अपघातासाठी दोन दाबा, असे यंत्र सांगते. अर्जदाराने एका वेळी दोन्ही दाबले. यंत्राने तिचे आभार मानून फोन बंद केला. त्याच आठवड्यात संदर्भ क्रमांक ४ चे पत्र आले : "चालक व विमाधारक यांच्यातील संबंध नमूद करावेत, संबंध नसल्यास तसे नमूद करावे." संबंध नमूद करते. दुपट्यांच्या घड्या ते घालत असत. तिला मागे घेता येत नाही हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, नुसती गाडी वळवून ठेवली.

११. परिच्छेद ४ मध्ये अर्जदार घरात होती एवढेच लिहिले आहे. घटनाक्रम सोडू नये अशी सूचना असल्याने राहिलेला भाग लिहिते.

त्या दिवशी बाळाचा दुसरा दात वर येत होता. आबांनी सात फेऱ्या मारल्या तेव्हा ते झोपले. चार वाजता लस होती, म्हणून आबा खाली गेले. त्या दिवशी बाबागाडी थांबली की ते चाळवत होते, म्हणून अर्जदार त्याला खांद्यावर घेऊन मागच्या खिडकीत उभी होती. खिडकी उघडी होती. तिने आबांना गाडीत बसताना पाहिले. गेले पाच महिने गाडी कोण वळवते आहे, हे तिला त्या क्षणी कळले. मग गाडी मागे येऊ लागली. गाडी आणि भिंत यांत सहा फूट होते. मग पाच झाले. अंतराच्या बाबतीत अर्जदाराची नजर चुकत नाही, ते तिचे कामच आहे. काकूंची काठी, गाडीची थोडी-थोडी चाल, भिंत, हे सगळे तिला वरून एकाच वेळी दिसत होते. नुसते "आबा" म्हटले असते तरी पुरले असते.

मी ओरडले नाही.

मोकळा हात हलवला. पण आबा मागे बघत नाहीत. तोंड उघडलेही होते. पण खांद्यावर बाळाचा श्वास नुकताच लांब झाला होता, आणि मी मनाशी ठरवले की जाऊ दे, बंपरला पोचा आला तर आला. टाकी गादीआड होती, मला दिसत नव्हती, हे खरे आहे. दिसली असती तर ओरडले असते का, हे मी सांगू शकत नाही. गाडी आदळली तेव्हा बाळ नुसते चुळबुळले, आणि मला खरोखर आनंद झाला. मग टाकी पडली आणि ते उठले. इथे सूचना क्रमांक ६ चे दोन्ही बाजूंनी उल्लंघन झाले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

हे मी घरात कोणालाही सांगितलेले नाही. यजमानांना नाही, सासूबाईंनाही नाही. अठरा दिवस आबा 'मागे कोणी नव्हतं' असे सगळ्यांना सांगत आहेत आणि मी शेजारी बसून दुपट्यांच्या घड्या घालते आहे. त्या आता मीच घालते.

१२. वरील परिस्थितीत अर्जदाराची विनंती खालीलप्रमाणे आहे :

(अ) रकाना १४ मध्ये 'होय' असे वाचावे. परवानगी मागितली गेली नव्हती. पण मालक खिडकीत उभी होती, बघत होती, आणि तिने थांबवले नाही. परवानगी याहून वेगळी काय असते, हे अर्जदारास ठाऊक नाही. ती मुकी आहे, पण खरी आहे.

(ब) संपलेल्या परवान्याच्या कलमाखाली दावा फेटाळला जाणार असल्यास तो खुशाल फेटाळावा. अर्जदार हरकत घेणार नाही. ती कामावर बसने जाईल. कोणती बस कुठून मिळते, हे सांगणारे माणूस तिच्या घरात आहे. फक्त ते सध्या त्या विषयावर बोलत नाही.

(क) मात्र चौकशी संपल्याचे एक पत्र २८ तारखेपूर्वी द्यावे. त्यात तीनच गोष्टी असाव्यात : गाडी मागे घेताना मागे व्यक्ती हजर होती, त्या व्यक्तीने इशारा दिला नाही, सबब चालकाकडे दोष नाही. मागच्या व्यक्तीचे नाव स्पष्ट लिहावे. तिची ना नाही. तिला काही काळ निलंबित करायचे झाल्यास करावे, फक्त एक तारखेच्या आत उरकावे.

(ड) पत्रावर जावक क्रमांक व गोल शिक्का असावा. चौकोनी शिक्का चालणार नाही, आबा तो मानत नाहीत.

आपल्याकडे अशा पत्राचा नमुना नसेल, याची अर्जदारास कल्पना आहे. म्हणून मसुदा सोबत जोडला आहे. आपण फक्त सही करायची आहे.

उत्तराची वाट बघत, बाळाला खांद्यावर घेऊन, एका हाताने लिहिलेला हा अर्ज आपण वाचला, याबद्दल आभारी,

आपली नम्र,
(सही)
अर्जदार तथा मागे उभी असलेली व्यक्ती
दि. २२

सोबत :
१) रकाना १४ भरलेला दावा अर्ज.
२) गाडीची छायाचित्रे, चार. (एकात बाजूला आबा उभे आहेत. ते कापू नयेत.)
३) आबांचा जबाब, दोन प्रती.
४) शिवणकाम करणाऱ्या काकूंचे निवेदन : "मी माझी गादी झोडपत होते, मला काय ठाऊक."
५) निकालपत्राचा मसुदा, शिक्क्यासाठी जागा सोडून.

प्रत :
आबा, यांना माहितीसाठी. (ही प्रत कृपया आपल्या कार्यालयाकडून टपालाने पाठवावी. पत्ता अर्जदाराचाच आहे, एकच घर आहे. पण अर्जदाराला ती हातात देववत नाही.)